पुढं पडणारा सटवा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या पणजीची पणजी परकरात होती तेव्हा, करंजवाडीच्या ठकूला मुलगा झाला. जन्मला तो रडेचना. सुईणीनं उलटा धरून पाठीवर चापट्या मारल्या, तेव्हा कुठं सूर फुटला. सटवाईनं राखला म्हणून नाव ठेवलं सटवा. पण हातपाय ताठ, गुडघ्याला गुडघा घासणारा, बोलणं जड. सात वर्षं ठकू त्याला ओढ्याच्या कोमट वाळूत कमरेपर्यंत पुरून उभं करायची. आठव्या वर्षी पोरगं चाललं. आणि काय सांगू, चालताना दर चार पावलांना पडायचं, पण पळायला लागलं की पडायचंच नाही! उडती टिटवी त्याच्या मागं राहायची, असं म्हणतात.

आता करंजवाडी आणि पल्याडची उंबरवाडी, दोघींचा बंधारा एकच. उन्हाळ्यात पाणी आधी कुणाच्या पाटाला, हे ठरायचं शर्यतीवर. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गुरवानं शिंग फुंकलं की देवळापासून बंधाऱ्यापर्यंत अर्धा कोस पळायचं. जो आधी बंधाऱ्याचा दांडा दाबून पाणी अडवणारी फळी उचलील, त्याच्या गावाला पाणी. मोठं लबाड अंतर ते! आधीच उधळलं तर दम सरतो, राखून पळलं तर दुसरा निसटतो.

विसाव्या वर्षी सटवा शर्यतीला उभा राहिला. शिंग वाजलं मात्र, सगळं अंग दचकलं आणि गडी धाडकन उताणा. अचानक आवाज झाला की त्याचं असंच व्हायचं, त्याच्या हातात नव्हतं ते. उंबरवाडीकर पोट धरून हसले. पुढल्या वर्षी करंजवाडीकरांनी फार डोकं लढवलं आणि मायेनं त्याच्या कानांत कापसाचे बोळे कोंबले. शिंग वाजलं, सगळे सुटले, आमचा गडी जागेवर उभा! अरे शहाण्यांनो, शिंगच ऐकू आलं नाही तर सुटायचं कधी? तरी तो पळाला आणि एक सोडून सगळ्यांना गाठलं. पण पाणी गेलंच.

तिसऱ्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. पंच म्हणाले, यंदा पाणी हुकलं तर गाव उठवायचं, आणि सटवाला मुळीच पळवायचं नाही. ठकू म्हणाली, ज्या वाळूनं पोर उभं केलं, ती सोडून जायचं कुठं? ती पारासमोर बसून राहिली, दोन दिवस उठली नाही. शेवटी पंच वरमले, सटवाला पळू द्यायला तयार झाले.

मग महिनाभर ती परसात त्याच्या मागं उभी राहून परात बडवायची. तो दचकायचा, पडायचा. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, ताठ उभा असला की मागं पडतो, वाकलेला असला की पुढं.

“पडायचंच हाय न्हवं लेकरा?” ती म्हणाली. “मग फुडं पड. तेवढीच वाट सरंल.”

आखितीला सटवा वाकून उभा राहिला. शिंग वाजलं, तो दचकला, आणि त्या दचक्यासरशी पाच हात पुढं फेकला गेला. बाकीच्यांचा पाय अजून उचलायचा होता! गुडघ्यावर गुडघा घासून ठिणग्या उडाल्या, करवंदीच्या जाळ्या आपसूक बाजूला झाल्या, असं म्हणतात. उतारावर उंबरवाडीचा म्हाकू त्याच्या खांद्याला खांदा लावून आला. दांडा हातभर राहिला आणि सटवाचा पाय मुरगळला. सगळ्या करंजवाडीनं डोळे मिटले. ठकूनं नाही मिटले.

“फुडं!” ती ओरडली.

सटवा पुढं पडला, तो थेट दांड्यावर. फळी उचलली, आणि पाणी असं उसळलं की डोंगरावरची गुरं खाली बघायला आली. ठकू पाटात बसून रडली, चांगली हमसून हमसून.

त्यानंतर सटवा अकरा वर्षं पळाला आणि अकराही वर्षं जिंकला, असं करंजवाडीत म्हणतात. उंबरवाडीत नऊ म्हणतात.

आता शर्यत राहिली नाही, बंधाऱ्याला लोखंडी दार आलंय. पण करंजवाडीत चालायला शिकणारं लेकरू पडलं, तर आधी विचारतात, पुढं की मागं? पुढं पडलं असेल तर सटवाच्या नावानं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. आणि ज्या लेकराला पाय फुटायला उशीर होतो, त्याच्या गुळाला सगळं गाव येतं.