परत आलेलं ताट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. घाटमाथ्यावरच्या मठाचं स्वयंपाकघर. बाहेर धुकं, आत धूर. संन्याशांच्या दोन महिन्यांच्या चातुर्मासाचा एकेचाळिसावा दिवस.

"...आणि हे किती दिवस चाललंय?" स्वामींनी विचारलं. त्यांच्या हातात आदल्या रात्रीचं ताट होतं.

"अकरा दिस," चुलीत फुंकर घालत इंदूआक्का म्हणाली. "मी ठेवते, मीच उचलते. शीत हललेलं नसतं. सकाळची पेज तेवढी पितो."

"मला सांगितलं नाहीस."

"अण्णांस्नी सांगितलं. ते म्हणाले, तप हाय. तू गप भाकरी थाप."

ताट सुबोधचं. वय एकतीस, शिक्षणाने इंजिनियर, मठात तिसरं वर्ष. या चातुर्मासात त्याने मौन धरलं होतं. सांगायचं ते पाटीवर लिहायचं.

त्याची झोप पहाटे तीनला उडू लागली, तेव्हा लोक म्हणाले, ब्राह्ममुहूर्त साधला. जेवण सुटलं, तेव्हा म्हणाले, जीभ जिंकली. दोन दोन दिवस आंघोळीला उठेना, तर म्हणाले, देहभान गेलं. मठाचे कारभारी अण्णा मगदूम यांनी त्याच्या खोलीबाहेर दर्शनाची रांग लावली. दर रविवारी पन्नासेक माणसं त्या बंद दाराला हात जोडून जात. एकानेही दार ढकललं नाही.

त्या दिवशी स्वामींनी ढकललं.

सुबोध भिंतीकडे तोंड करून पडला होता. उठला. पाटी घेतली. लिहिलं: वैराग्य.

"छान. कशाचं?"

सगळ्याचं.

"माझंही?"

खडू थांबला.

"तू माझ्याशी रोज भांडायचास. स्वामी, तुमचा अर्थ चुकतोय, म्हणायचास. चिडायचास, मग हसायचास. शेवटचा कधी भांडलास?"

सुबोधने खडू खाली ठेवला.

"ज्याने सोडलं, त्याचे हात मोकळे असतात, सुबोध. तुझे उचलत नाहीत."

सुबोधने घाईने लिहिलं: पावसामुळे. सगळ्यांनाच होतं.

"होतं. मलाही होतं. सूर्य दिसेनासा झाला की माझं मन ओल्या गोधडीसारखं जड होतं. मग चुलीपाशी बसतो. अंगणात दोन फेऱ्या जास्त मारतो. आक्काच्या शिव्या खातो. दिवस निघतो." स्वामी खिडकीपाशी गेले. "परवा गोकुळाष्टमीला ऊन पडलं. महिन्याने. दोन तास. आक्काने गोधड्या वाळत टाकल्या. अण्णा बंडी काढून कट्ट्यावर बसले. मीही उठलो, बरं वाटलं. तू काय केलंस?"

सुबोधने पाटी पुसली.

"ही खिडकी लावून घेतलीस. मी खालून पाहिलं. मला वाटलं, ध्यानाला बसला असेल."

ते खिडकीपासून वळले.

"सगळ्यांसारखं मलाही तसंच वाटलं."

त्यांनी सुबोधच्या हातातली पाटी काढून घेतली आणि उपडी ठेवली.

"मरावंसं वाटतं?"

पागोळ्या पत्र्यावर वाजत राहिल्या. स्वामी हलले नाहीत.

"रोज," सुबोध म्हणाला.

एकेचाळीस दिवसांतला पहिला शब्द.

स्वामींनी उपदेश केला नाही. कोपऱ्यातली छत्री उचलली. "चपला घाल. तालुक्याच्या दवाखान्यात जायचंय."

"एकोणीस दिवस राहिलेत." आवाज गंजलेला होता. "व्रत पुरं झालं की..."

"तोवर राहशील?"

सुबोधने चपला घातल्या.

मठाची सीमा म्हणजे खालचा ओढा. चातुर्मासात तिथला संन्यासी तो ओलांडत नाही. स्वामींनी चौतीस वर्षांत ओलांडला नव्हता.

ओढ्यावरच्या अरुंद साकवावर अण्णा आडवे उभे राहिले.

"जीप देतो. सोबत दोन माणसं देतो. तुम्ही न्हाई जायचं, स्वामी. चौतीस वर्षांचा नेम हाय."

"तो एकटा नेम मोडणार नाही. मीच शिकवलाय त्याला."

"लोकांनी विचारलं तर? ताप आला म्हणून सांगू?"

"मनाचा आजार आहे म्हणून सांगा."

"असं कसं सांगायचं?"

"रांग लावताना मोठ्याने सांगत होतात. तसंच."

अण्णा बाजूला झाले. साकवाच्या मध्यावर सुबोधचे पाय थांबले. स्वामी मागे आले नाहीत. पलीकडे गेले आणि छत्री मिटून पावसात उभे राहिले.

"माझं मोडलं," ते म्हणाले. "आता तू कुणासाठी राखतोस?"

सुबोधला बराच वेळ लागला. पण तो आला.

दहा वाजून पंचवीस मिनिटं. सरकारी दवाखाना. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीला कुलूप. जागा तीन वर्षं रिकामी. तापाच्या रोग्यांची रांग थांबवून डॉक्टर नाझनीन मुल्ला यांनी सुबोधला आत घेतलं. पन्नास मिनिटं त्याच्याशी बोलल्या. मग जिल्ह्याच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलेल्या गोळ्या लिहून दिल्या.

"हे नैराश्य आहे," त्या स्वामींना म्हणाल्या. "आजार आहे, बरा होतो. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील. तोवर याला एकटं ठेवायचं नाही, एक तासही नाही. शुक्रवारी जिल्ह्याला न्यायचं. त्याआधी काही वाटलं तर रात्री-अपरात्री इथे आणायचं."

"आणीन."

"मरणाबद्दल याला आधी कुणी विचारलं होतं?"

"मी. आज सकाळी."

"उशीर केलात."

"हो."

परतताना घाटातल्या टपरीवर सुबोधने अर्धा कप चहा घेतला आणि कप खाली ठेवला. उरलेला अर्धा स्वामी प्यायले.

चार वाजून चाळीस मिनिटं. साकवापाशी वीसेक भक्त जमले होते. कुणी पाया पडलं नाही.

"प्रायश्चित्त घ्यावं लागंल, स्वामी," अण्णा म्हणाले. "मठाचा लौकिक हाय. आपल्या वासुदेव महाराजांनी अशाच चातुर्मासात, मौनात देह ठेवला. पण वेस ओलांडली न्हाई."

वासुदेव हा सुबोधच्या आधी त्याच खोलीत राहणारा शिष्य. सव्वीस वर्षांचा. साकवाजवळ त्याच्या नावाचा संगमरवरी फलक आहे. त्यावर नाव आहे, तिथी आहे, 'मौनावस्थेत देह ठेवला' हे शब्द आहेत. कारण नाही. मठाने ते सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं नाही. फलकाला पहिला हार स्वामींनीच घातला होता.

स्वामी फलकासमोर उभे राहिले. सुकलेला हार काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिला.

"प्रायश्चित्त घेईन. आज रात्रीपासून सुबोधचा बिछाना माझ्या खोलीत टाका. आणि इंदूआक्काला बोलवा."

"आक्काला? तिचं काय काम?"

"वासुदेवचं ताट किती दिवस परत येत होतं, ते तिला विचारायचंय."