दहा हजार एकचा भागाकार

एका वृद्ध गणिताचार्यांच्या पाठशाळेत एकदा अच्युत नावाच्या हुशार शिष्याला एक काम मिळाले. दहा हजार एक या संख्येला एखाद्या लहान संख्येने निःशेष भाग जातो का, ते पाहायचे. रीत ठरलेली होती. शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी एकेक करून भागायचे; संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेलच, तर त्यांतली एक तिथेच सापडते. अच्युत सत्तेचाळीसपर्यंत गेला आणि कंटाळला. इतक्यांनी गेला नाही, आता काय जाणार, असे म्हणत त्याने पाटी पुसली आणि सभेत ठणकावून सांगितले, "शंभरापर्यंत पाहिले. भाग जात नाही."

गोंदा नावाचा सहाध्यायी चाचरत म्हणाला, "मी एकदा पाहू का? मला वाटतं, जात असावा."

"तू आधी पाढे पाठ कर," अच्युत म्हणाला. सगळे हसले. गोंदाने मान खाली घातली.

आचार्यांनी मात्र विचित्रच आज्ञा केली. "उद्यापासून प्रार्थनेनंतर म्हणायचे, दहा हजार एकला भाग जात नाही. आधी गोंदा म्हणेल, मागून सगळे."

आता खोटे एकदा बोलून टाकणे सोपे हो. तेच रोज सकाळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे महाकठीण. गोंदा मनापासून, खड्या आवाजात म्हणायचा आणि इकडे अच्युतला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने उरलेले भागाकार केले. त्र्याहत्तरने भागले, तर भागाकार एकशे सदतीस आणि बाकी शून्य. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तो आचार्यांपुढे जाऊन उभा राहिला. "मी खोटे बोललो, गुरुजी. आपल्याला ठाऊक होते ना?"

"होते. तुझ्या बोलण्याने त्या संख्येचे काही बिघडले नाही, बाळा. तिला तेव्हाही भाग जात होता, आजही जातो. बिघडले ते गोंदाचे. त्याला योग्य वाटत होते, ते त्याने तुझ्या शब्दाखातर सोडून दिले. हे नुसते सांगितले असते, तर तू मान डोलावून विसरला असतास. म्हणून ऐकवले. त्यात त्या पोराला राबवले, हा दोष माझा. त्याची क्षमा मीही मागेन."

सकाळी गोंदा म्हणायला उभा राहिला, तोच अच्युत उठला. "भाग जातो. त्र्याहत्तरने. मी अर्ध्यावर थांबलो आणि खोटे बोललो."

कोणी हसले नाही. गोंदाने हळूच विचारले, "म्हणजे मला वाटत होतं, ते बरोबर होतं?"

"हो," अच्युत म्हणाला. त्याला मान वर करवेना. त्याने आपली पाटी पुढे केली.

गोंदाने ती घेतली आणि दोनपासून भागायला सुरुवात केली. त्र्याहत्तर येईपर्यंत अच्युत त्याच्याजवळ बसून राहिला.