शनी कुठे गेला?

माझा थोरला भाऊ, भालूदादा, महिन्यापूर्वी वारला. वेधशाळेत तो दुर्बिणीचं हँडल हळूहळू फिरवायचा.

एका संध्याकाळी बडे अधिकारी खरातसाहेब तपासणीला आले. शनीची कडी बघता बघता म्हणाले, "हा नुसता हँडल धरून बसतो! उद्यापासून याची जागा रद्द."

"बरं साहेब," म्हणत दादानं हँडल सोडलं.

मिनिटभरात साहेब ओरडले, "अरे, शनी कुठे गेला?"

"तो आहे तिथेच आहे. पृथ्वी आपल्याला घेऊन फिरली. ती जेवढी फिरते, तेवढी मी दुर्बीण उलटी वळवतो. आपण पृथ्वीला थांबायचा हुकूम द्या, मी आत्ता घरी जातो."

"धर बाबा ते हँडल!"

जागा टिकली. आता तिथे नवा माणूस घेणार म्हणे. घ्या! पण साहेबाला असं ऐकवणारा कुठून आणाल?