गिनीपिगांचं ब्रह्मस्थान

“...दार पूर्वेला आहे. शयनकक्ष नैऋत्येला आहे. मध्य मोकळा सोडलाय. तरीही हे खात का नाहीत, आक्का?”

गिरजाक्कांनी मान वर केली नाही. मठीच्या पडवीत बसून त्या लसूण सोलत होत्या.

प्रश्न विचारणारे अरविंद कुंभोजकर अंगणात उभे होते. त्यांच्या पायाशी एक सुबक लाकडी बंगला होता, दोन माणसांनी टेम्पोतून उतरवून ठेवलेला. तीन मजली, आणि समोरून सगळा काचेचा. आत दोन गिनीपिग होते, एक तपकिरी आणि एक काळा-पांढरा. दोघंही तळमजल्याच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून बसले होते.

ससा म्हणावं तर लांब कान नाहीत, उंदीर म्हणावं तर शेपूट नाही, असा हा प्राणी. तालुक्याच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा असे चौदा जीव उरले आणि कुणीतरी ते खोक्यात घालून मठीच्या दारात आणून ठेवले. नको झालेलं जनावर डोंगरावरच्या गिरजाक्कांकडे न्यायचं, ही त्या भागाची जुनी सवय होती.

चार दिवसांपूर्वी कुंभोजकरांनी त्यातले दोन मागून नेले होते.

कुंभोजकर म्हणजे साधी असामी नव्हे. उभी नोकरी सरकारी इमारती बांधण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांना वास्तुशास्त्राने धरलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात होकायंत्र असे. त्यांच्या शब्दावर लोकांनी स्वयंपाकघरं इकडची तिकडे केली, धडधाकट जिने पाडले, आणि एका बिचाऱ्याने तर बांधलेली विहीर बुजवली. आक्कांच्या मठीत ते दर सोमवारी ज्ञान घ्यायला येत आणि बहुतेक वेळा देऊन जात.

मठीचं दार दक्षिणेला आहे, हा घोर दोष आहे, असं त्यांनी पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं.

“वारा तिकडनंच येतोय,” एवढंच आक्का म्हणाल्या होत्या.

आज मात्र सोमवार नव्हता.

“कवापास्नं खाल्लं न्हाई?” आक्कांनी विचारलं.

“काल दुपारपासून. काकडी दिली, कोथिंबीर दिली, कोवळं गवत दिलं. तोंड लावत नाहीत.”

आक्कांनी लसूण बाजूला ठेवला.

“ह्या जनावराचं पोट थांबलं की जीव थांबतोय, इंजनेर.”

“म्हणून तर धावत आलो.”

“उन्हं कलायच्या आत खाल्लं तर परत न्या. न्हाई खाल्लं तर हितंच ऱ्हाऊ द्या.”

कुंभोजकरांचा चेहरा उतरला. वास्तूत एक दोष नाही, असं घर त्यांनी स्वतःसाठी बांधलं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी परदेशात. त्या निर्दोष घरात संध्याकाळी दिवा लावला की हलणारं असं दुसरं काही नसे. या दोघांना घरी नेलं त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणले होते. रिकामा बंगला घेऊन परत जायचं त्यांना नको होतं.

आक्का उठल्या आणि बंगल्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या. जत्रेत नवा पाळणा आलेला बघावा तशा त्या सगळं निरखून बघू लागल्या.

“हे काय?”

“जिना.”

“कशाला?”

“वरच्या मजल्यावर जायला.”

“वर काय हाय?”

“शयनकक्ष. नैऋत्येला.”

“चढली का कवा?”

“...नाही.”

“मग वर कोन ऱ्हातंय?”

कुंभोजकरांनी काचेवरचा डाग रुमालाने पुसला.

“आन् ही खाली जाळी कशापायी?”

आता त्यांना जरा उभारी आली. “ती माझी स्वतःची कल्पना. लेंड्या जाळीतून खाली पडतात. खालचा ट्रे ओढायचा, धुवायचा, काम झालं. घाणीचं नाव नाही.”

आक्कांनी काच सरकवली. एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली घेऊन तपकिरी जीव अलगद बाहेर काढला. त्याचा पाय त्यांनी कुंभोजकरांच्या बोटावर टेकवला.

तळवा लाल झाला होता. जाळीची चौकट त्यावर उमटली होती.

“तुमच्या घरात फरशी कसली हाय?”

“संगमरवर...”

“व्हय.”

त्यांनी त्या जिवाला पदरात घेतलं. त्याचं काळीज कापडातूनसुद्धा धडधडताना दिसत होतं. कुंभोजकरांना लाज वाटली. पण ते इंजिनिअर होते. एक चूक सापडली म्हणजे कारण सापडलं, असं त्यांना वाटलं.

“म्हणजे जाळीमुळे खात नाहीत. आत्ता फळी घालतो.”

“घाला की.”

त्यांनी टेम्पोतून फळी आणली, जाळीवर बसवली, वर पोतं अंथरलं. वाटीत गवत टाकलं. दोन्ही जीव आत सोडले. दोघं धावत त्याच कोपऱ्यात गेले आणि तोंड खुपसून बसले.

बराच वेळ गेला...

“अजून नाही,” कुंभोजकर हळूच म्हणाले.

“न्हाई.”

“मग काय उरलं? दिशा अचूक आहेत. मध्ये ब्रह्मस्थान मोकळं आहे.”

“ते काय असतंय?”

“घराचा मध्य. तिथे काही ठेवायचं नसतं. भिंत नाही, खांब नाही, सामान नाही. घराचा श्वास असतो तो.”

“आन् खायाचं कुटं ठेवलंय?”

“वाटी आग्नेयेला होती. पण काल विचार केला, अन्न तेवढं चालेल, मध्येच ठेवावी. पवित्र जागा. चारही बाजूंनी नीट दिसेलही.”

“कुनाला?”

“म्हणजे?”

“कुनाला दिसंल?”

कुंभोजकरांनी वाकून वाटीकडे बघितलं. आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

“जेवायची येळ झाली,” त्या म्हणाल्या. “सकाळपास्नं उपाशी हायसा. चला.”

त्यांनी ताटात दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा आणि लसणाची चटणी वाढली. कुंभोजकर चुलीकडे वळले, तसं त्यांनी अंगणाकडे बोट केलं.

“तितं बसा. बरोबर मधी.”

अंगणाचा मधला भाग म्हणजे मठीचं ब्रह्मस्थान. तिथे खुद्द आक्कासुद्धा कधी बसत नसत. कुंभोजकरांना हा मान वाटला. एवढं बोलणं झालं त्यातून म्हातारीला काहीतरी पटलं असावं, असं मनात येऊन ते ताट घेऊन निघाले आणि मांडी घालून मधोमध बसले.

रविवार होता. बाजार करून परतणारी माणसं डोंगर चढून दर्शनाला येत होती.

पहिल्या घासालाच दोन बायका दारातून आत आल्या आणि थबकल्या.

“कोन ओ हे?”

“इंजनेर हायत,” आक्का पडवीतून म्हणाल्या.

“मग मधी का बसल्यात?”

“जेवत्यात.”

बायका बघत उभ्या राहिल्या. कुंभोजकरांनी घास तोंडात फिरवला. तो खाली जाईना. मागून एक शेळीचं शेरडू आलं आणि त्यांच्या मानेशी फुसफुसलं. ते दचकून वळले, तेवढ्यात पुढून एका म्हाताऱ्याने वाकून ताटात बघितलं.

“खावा की सायेब. का, झ्याक न्हाई व्हय पिठलं?”

“नाही, नाही... छान आहे.”

“मग खाईनात का ओ हे?” म्हाताऱ्याने आक्कांना विचारलं.

“मीबी तेच इचारतेय,” बायकांतली एक म्हणाली, आणि दुसरी पदर तोंडाला लावून हसली.

आणखी चौघं आली. आता मागे कोण आहे ते वळल्याशिवाय कळत नव्हतं, आणि वळलं की पुढचं कळत नव्हतं. पाठीवर सगळ्यांचे डोळे बसल्यासारखे वाटत होते. कुंभोजकर पाच-पंचवीस माणसांसमोर भाषणं ठोकणारे गृहस्थ, पण हातातला तुकडा काही तोंडाकडे जाईना. शेरडाने ताटातला कांदा उचलला तेव्हा ते उठले. ताट छातीशी धरून तडक चुलीमागच्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले.

तिथे अंधारच होता. धुराने भिंत काळी झाली होती. दिशा कुठली होती, देव जाणे.

समोर दार दिसत होतं. मागे भिंत होती. त्यांनी एक घास खाल्ला, मग दुसरा. भूक अशी भडकली की दोन्ही भाकऱ्या कधी संपल्या ते कळलं नाही.

वर बघितलं तर आक्का दारात उभ्या होत्या.

“आता उतरला का घास?”

कुंभोजकरांचं बोट चटणीत होतं, ते तसंच राहिलं.

त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या काचेच्या बंगल्याकडे.

मग ते उठले. हात धुतले. “आक्का, एखादं जुनं डालगं मिळेल?”

मठीत येण्याआधी आक्का बुरुडाघरच्या. टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची डालगी, सगळं त्यांच्या हातचं असे. एक जुनं, दोन विती खोल डालगं त्यांनी फळीवरून काढून दिलं आणि सोबत कोयती दिली.

कुंभोजकरांनी डालगं पालथं घातलं. सवयीने हात खिशात गेला, होकायंत्र बाहेर आलं, काटा थरथरला. त्यांनी एकदा आक्कांकडे बघितलं. आक्का छताकडे बघत होत्या. होकायंत्र परत खिशात गेलं.

कडेला त्यांनी वीतभर दार कापलं. बांबूचे काटे निघाले होते, ते घासून गुळगुळीत केले. काम साधंच होतं, पण बंगल्यापेक्षा ते मन लावून करत होते.

“झालं,” ते म्हणाले.

आक्का खाली बसल्या. डालग्याच्या त्या दारावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

“आता?”

कुंभोजकर बघत राहिले. आक्कांनी हात काढला नाही.

“आता...” ते म्हणाले, “आत असलेल्याने जायचं कुठून?”

आक्कांनी हात उचलला.

कुंभोजकरांनी डालगं फिरवलं आणि समोरच्या बाजूला दुसरं दार कापलं. हेही घासलं. मग मागे सरकून बघितलं, आणि जुनी खोड उसळलीच.

“पण यातलं मुख्य दार कोणतं धरायचं?”

“ज्यातनं पळता येतंय, ते.”

चुलीमागच्या त्याच कोपऱ्यात जमिनीवर पोतं अंथरलं. डालगं भिंतीला लावून पालथं घातलं. आत वाळकं गवत भरलं, बाहेर दाराजवळ थोडं ठेवलं. कुंभोजकर बंगल्यातून दोघांना घेऊन आले, आक्कांनी धरलं होतं तसंच, एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली.

जमिनीला पाय लागताच दोघं डालग्यात शिरले. काहीच दिसेना.

आक्का आणि कुंभोजकर चुलीच्या अलीकडे येऊन बसले. अंगणात माणसांची बडबड चालू होती. उन्हं पडवीच्या कडेवरून उतरून पायरीवर आली होती.

कुंभोजकर पायरीकडे बघत होते, मग डालग्याकडे, मग पुन्हा पायरीकडे.

आणि आतून आवाज आला. कुरकुर... कुरकुर... वाळकं गवत चावल्याचा.

ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि दारातून डोकावले.

आवाज थांबला.

ते चटका बसल्यासारखे मागे आले. भिंतीला टेकून, श्वास रोखून बसले. उन्हं पायरीवरून अंगणात सरकली. तेव्हा कुठे आवाज पुन्हा सुरू झाला, आधी एकाचा, मग दोघांचा. कुंभोजकरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. इतक्या इमारती उभ्या केल्या, पण आत कुणीतरी जेवतंय हे ऐकत ते कधी बसले नव्हते.

“न्या,” आक्का म्हणाल्या.

“नवं घर करतो,” ते घाईघाईने, पण दबल्या आवाजात बोलू लागले. “मजले नकोत. बुटकं आणि ऐसपैस, दिवाणखान्याच्या भिंतीला लागून, ऊन न येणाऱ्या बाजूला. खाली जाड कापड. दोघांना दोन डालगी, प्रत्येकाला दोन दारं. मध्ये... मध्येही काहीतरी आडोसा. काच काढून टाकतो.”

आक्का ऐकत होत्या. हे सगळं आपल्याला नवीनच असल्यासारखं त्यांचं लक्ष होतं.

बोलता बोलता कुंभोजकर थांबले. त्यांच्या तोंडावरचा उत्साह हळूहळू ओसरला.

“पण आक्का... हे दोघं दिवसभर आतच बसणार.”

“बसतील.”

“मी एवढ्यासाठी नेले, की घरात कुणीतरी दिसावं. आता ते मला दिसणार कधी?”

आक्का पडवीतला सोललेला लसूण गोळा करायला निघाल्या आणि उठता उठता म्हणाल्या,

“तुमी दिसत ऱ्हावा की त्यास्नी.”