नव्या सिस्टीमवरचं पान

“…पण आता तरी पटलं ना, बुवा, वेळेवर बदललं ते?”

हेरंबनं बूट काढता काढताच विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, फक्त कौतुक ऐकायचं राहिलं होतं.

नरहरीबुवा खाटेवर बसले होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. तरी आवाजाच्या दिशेनं ते मान वळवत, आणि समोरच्याला उगाचच वाटे की बुवा आपल्याला पाहताहेत.

“कोणाच्या वेळेवर?” त्यांनी विचारलं.

“संगणकाच्या. त्या जुन्या सिस्टीमला ती बनवणाऱ्या कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलं होतं. एक दिवस सगळं बसलं असतं. तुमचा ग्रंथ गेला असता.”



ग्रंथ म्हणजे बुवांच्या गुरूंचं बोलणं. ते गुरू कधी लिहीत नसत, आणि ज्यांनी त्यांना ऐकलं त्यांतले आता एकटे बुवा उरले होते. तरुणपणी बुवा मामलेदार कचेरीत मराठी टंकलेखक होते. डोळे गेले, पण बोटांची सवय गेली नव्हती. मठामागच्या खोलीत रोज सकाळी ते संगणकापुढे बसत आणि टाइपरायटरवर शिकले होते तसंच लिहीत.

हेरंब पुण्याहून महिन्याकाठी येई आणि लिहिलेलं वाचून दाखवी. मठात त्याला ‘बुवांचे डोळे’ म्हणत. कंपनीतल्या हुद्द्यापेक्षा हे नाव त्याला प्यारं होतं, आणि तो ते चारचौघांत मिरवतही असे.

सिस्टीम कधी बदलायची, हे तो किती दिवस विचारत होता. “ग्रंथ होऊ दे,” एवढंच बुवा म्हणत. गेल्या खेपेला बुवांना तपासणीसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा यानं संधी साधली. नवी सिस्टीम टाकली, आपल्या पद्धतीनं ‘श्री’ टाइप करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन पुण्याला गेला. शहाणा माणूस एकदा मदत करायला निघाला की त्याला कोण आवरणार!

“वाच,” बुवा म्हणाले. “शेवटचं प्रकरण झालं. महिनाभर बसलो होतो.”

हेरंबनं पान उघडलं.

…

पडद्यावर अक्षरं मराठी होती, पण शब्द एकही नव्हता. नुसत्या वेलांट्या, मात्रा, तुटके अर्धे वर्ण… पानामागून पान.

जुन्या सिस्टीममध्ये अक्षरं कळांवर टाइपरायटरच्याच क्रमानं लावलेली होती. नव्या सिस्टीमनं ती आपल्या मर्जीनं लावली होती. बुवांची बोटं बरोबर जागी पडत राहिली आणि पडद्यावर भलतंच उमटत राहिलं. काही कळांतून तर काहीच उमटलं नव्हतं. हे आता कुणालाही जुळवता येणार नव्हतं.

“वाचतोस ना?”

“हो, बुवा.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण ते बोलल्यावर आपण बुवांचे डोळे कसले, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते गिळलं.

तो वाचू लागला.

“गुरू म्हणजे नदी. काठावरच्याला ती वाहताना दिसते. उतरलेला स्वतःच वाहू लागतो…”

बुवांचं इतकं ऐकलं होतं की तसं बोलणं त्याला जमत होतं. वाईट हे, की चांगलं जमत होतं.

“पुढे.”

“विझताना दिवा अंधाराला नमस्कार करतो…”

“पुढे.”

हेरंबनं आणखी एक वाक्य रचलं. मग आणखी एक.

बुवांनी हात वर केला. हेरंब थांबला.

“सुंदर आहे,” बुवा म्हणाले.

…

“त्या सगळ्या प्रकरणात गुरूंचा शेवटचा दिवस आहे. त्यांनी तांदळाची पेज मागितली होती. मी मीठ घालायला विसरलो. ते काही न बोलता प्यायले… असंच सगळं लिहिलं होतं मी.”

हेरंबला मान वर करवेना.

“बुवा, अक्षरं… चुकीची उमटलीत. सगळीच. माझ्यामुळे.”

“कुसुमताई म्हणाल्या होत्या.”

कुसुमताई मठात स्वयंपाक करीत. वाचायला त्या उतारवयात शिकल्या होत्या, दुकानाची पाटीसुद्धा अक्षर लावून लावून वाचत.

“पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, ‘बुवा, हे काही वाचता येत नाही हो.’ मी त्यांच्यावरच खेकसलो. म्हटलं, तुम्हालाच येत नसेल. हेरंबनं करून दिलंय. हेरंब येईल, तो वाचेल…”



हेरंबला रडू फुटलं. एक महिना वाया गेला होता, आणि बुवांकडे असे महिने फार उरले नव्हते, हे दोघांनाही कळत होतं.

“जुन्या सिस्टीमची डिस्क मी जपून ठेवलीय, बुवा. आत्ता परत बसवतो. थोड्या वेळाचं काम आहे. होतं तसं होईल सगळं.”

“बसव.”

बुवांनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

…

“आणि जाताना कुसुमताईंना सांग. उद्यापासून वाचायला त्यांनी यावं.”