दाराबाहेरचे दोन फूट

सन १९९६, वैशाख. सोलापूर भट्टीसारखं तापलेलं.

“एवढी मोठी खोली आणलीस कुठून?”

बिराजदार सरांनी उंबऱ्यातूनच विचारलं. सर म्हातारे झाले होते, पण पाठ ताठ. शहरातल्या निम्म्या आर्किटेक्टांना पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

अंबादास येमूल या प्रश्नाचीच वाट बघत होता. विडी कामगार बायकांच्या सोसायटीची तीनशे घरं तो बांधत होता. नमुन्याचं घर तयार झालं होतं, आणि पहिलं पाऊल गुरूंचं पडावं म्हणून त्याने ते कुणाला दाखवलं नव्हतं.

“गॅलरीतून आणली, सर. तिथून लोक नुसते येतात-जातात. जाण्यापुरती ठेवली, दोन फूट आत घेतले. या किमतीत एवढी खोली अख्ख्या जिल्ह्यात कुणी दाखवावी.”

तसा फलकच त्याने रस्त्यावर लावला होता.

सरांनी खिशातून सुई-दोरा काढला.

“हे काय, सर?”

“बटण तुटलंय.”

ते खोलीच्या मधोमध मांडी घालून बसले. सुई डोळ्यांसमोर धरली... दोरा गेला नाही. उठून स्वयंपाकघरात गेले. खिडकी ओट्याच्या वर होती. खाली बसणाऱ्याच्या वाट्याला ओट्याची सावली. तिथंही दोरा गेला नाही.

“लाइट लावायला सांगू?”

“भर दुपारी?”

सर उंबऱ्याशी आले आणि गॅलरीत पाय सोडून बसले. दोरा पहिल्या झटक्यात गेला. त्यांनी बटण शर्टाला लावलं, एक टाका घातला, तोच डोक्यावर घमेलं घेतलेली बाई आली.

“ओ बाबा, पाय आवरा की! मी काय उडून जाऊ?”

सरांनी पाय ओढून घेतले. तिच्यामागून दुसरी आली. मग पाइप घेऊन प्लंबर. सर दर वेळी पाय घेत होते, सोडत होते. शेवटी उठले. बटण लोंबतच राहिलं.

“विड्या कुठं वळायच्या, अंबादास?”

“घरात, सर. म्हणून तर घर मोठं केलं.”

सरांनी दोरा तोडला.

“माझी दक्षिणा राहिलीय.”

अंबादास चमकला. सरांचं ऑफिस सोडताना त्याने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, मागाल ते देईन. सर तेव्हा म्हणाले होते, मागेन तेव्हा दे. आणि कधी मागितलंच नव्हतं. ते त्याला आतून डाचत होतं.

“मागा, सर.”

“ते दोन फूट दे. सगळ्या घरांचे. दाराबाहेर कट्टा कर.”

“ते माझे नाहीत द्यायला. बायकांना शब्द दिलाय.”

“मला काय दिलं होतंस?”

“घर लहान होईल!”

“होऊ दे.”

“लोक म्हणतील, येमूलनं खोली खाल्ली.”

“म्हणतील.” सरांनी सुई खिशात ठेवली. “जमत नसेल तर तसं सांग. मी दुसऱ्याकडं मागत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्याला काठीसारखं लागलं.

दोन दिवस तो नकाशा पुढ्यात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत उभा राहिला. गुरूचं नाव त्याने पुढे केलं नाही.

“खोली दोन फुटांनी लहान होणार. आधीचं माझं चुकलं.”

एकच गलका झाला. अध्यक्षा नरसम्मा गड्डम उसळून म्हणाल्या, “ताटात वाढता आणि काढून घेता? हे कसलं हो येमूल तुमचं?”

“एका घराला कट्टा करतो. बसून बघा. नको वाटला तर भिंत माझ्या पदरच्या पैशानं होती तिथं उभी करीन.”

गॅलरीकडच्या भिंतीवर पहिला घण त्याने स्वतः घातला.

कट्टा सुकला. नरसम्मा मांडीवर सूप घेऊन बसल्या, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. समोरून माणसं जात-येत होती, कुणाचा पाय कुणाला लागत नव्हता. ऊन कलेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मग सूप काखेत मारून म्हणाल्या, “सगळ्या घरांना करा. एकीला आणि एकीला नाही, असं चालायचं नाही.”

त्याच संध्याकाळी अंबादासने रस्त्यावरचा फलक उतरवला.

पुढच्या वर्षी पौषात सर घरं बघायला आले. गॅलरीत दारोदारी बायका बसल्या होत्या. विड्या वळत होत्या, पलीकडच्या इमारतीतल्या बायकांना इथूनच टोमणे मारत होत्या. अंबादास छाती काढून पुढे चालत होता. तोंडाने चकार शब्द नाही.

जिना चढून सरांना धाप लागली. एक कट्टा रिकामा दिसला, तिथं ते टेकले.

घरातून सूप घेऊन एक तरणी बाई बाहेर आली.

“ओ आजोबा, उठा. माझी जागा आहे ती.”

अंबादास तांबडालाल झाला. “अक्का, हे माझे गुरू आहेत!”

“असतील की. कट्टा माझा आहे.”

सर उठले. काठी टेकून दोन पावलं बाजूला झाले. ती बसली, सूप मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून कामाला लागली.

सर अंबादासकडे वळले.

“फिटलं तुझं,” ते म्हणाले.