कड्यावरचं शेवटचं पोळं

माणूस अजून डोंगरात शिरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कड्याला एकच पोळं उरलं होतं आणि म्हाताऱ्या अस्वलाची दोन नातवंडं त्यावर टपली होती.

"मध खा, पण माश्यांच्या पिल्लांचा भाग सोडा रे," हे सांगून सांगून म्हातारं थकलं होतं.

"आजोबा, पुरे की तुमची टकळी!"

मग त्यानं कंटाळून गोष्टच सांगितली. एका अधाशी अस्वलानं डोंगरातली पोळी मुळासकट ओरबाडली. माश्या परतल्याच नाहीत. तेव्हापासून ते अर्धपोटी फिरतंय.

"कसलं येडं!" म्हणत पोरं कड्यावर चढली.

उतरली, तेव्हा अर्धं पोळं जागेवरच होतं.

"का रे ठेवलंत?"

"त्या येड्याला पुढच्या साली लागेल ना!"

म्हाताऱ्यानं खपाटीला गेलेलं पोट झाकलं आणि तोंड फिरवलं.